कमी पाण्याची रात्र

दुपारी ३.३०

रात्रपाळीच्या माणसाचा दिवस दुपारी उजाडतो. उठलो आणि चहाच्या आधी खिडकीपाशी गेलो. कट्ट्यावर काल सकाळपासून दोन बशा ठेवल्यात. एकीत आम्ही नेहमी वापरतो ते कार्पेट धुण्याचं रसायन चमचाभर ओतलंय, दुसरीत एका नव्या पुरवठादाराने दिलेला स्वस्तातला नमुना. दोन्हींत लेबलवर लिहिलंय तेवढंच पाणी घातलं होतं. पहिल्या बशीत पांढरी, काचेच्या चुऱ्यासारखी खपली धरलीय; नखाने टोकरली की कडकन सुटते. दुसरीतलं अजून ओलसर आहे. पण श्रावण चालू आहे, घणसोलीत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. इतक्यात निकाल द्यायला नको. उद्या सकाळी बघू.

"माझ्या बशा मला परत पाहिजेत," बायको म्हणाली. त्या आता चहाला घ्यायच्या नाहीत, एवढं तिला सांगून ठेवलं.

या बशांवर आमचा सगळा धंदा उभा आहे म्हटलं तरी चालेल. साधा शाम्पू वाळला की मागे चिकटा राहतो. त्या चिकट्यावर येणाराजाणारा प्रत्येक बूट धूळ सोडून जातो, आणि धुतलेलं कार्पेट न धुतलेल्यापेक्षा लवकर काळं पडतं. मालकाला वाटतं कार्पेट खराब निघालं. आमच्या रसायनात पॉलिमर असतो. तो मळाच्या कणाभोवती बसतो, वाळताना कडक आणि ठिसूळ होतो, आणि मळाला पोटात घेऊन सुटा होतो. मग तो व्हॅक्यूममध्ये ओढला जातो. हे सगळं नीट घडणार की नाही, ते बशी आधीच सांगते.

संध्याकाळी ६.००

रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यावर टेम्पो भरला. सतरा इंची सिंगल डिस्कची दोन मशीनं, दोन उभे व्हॅक्यूम, तीन ब्लोअर, दोन फवारणी पंप, वायरीची दोन रिळं. आणि मशीनच्या चकतीखाली लावायचे पॅड. सुती पॅड जाड टॉवेलसारखा असतो, मायक्रोफायबरचा हलका, खरखरीत पट्ट्यांचा. पॅड मी स्वतः मोजतो. आज सात हजार चौरस फूट करायचे आहेत. पॅडच्या एका बाजूला मी सव्वाशे चौरस फुटांच्या पुढे जाऊ देत नाही, मग तो उलटायचा, दुसरी बाजू भरली की बदलायचा. हिशेबाने अठ्ठावीस लागतील, मी छत्तीस घेतले. पॅड कमी पडले की माणूस मळक्या पॅडवरच पुढे रेटतो. तेव्हा साफसफाई थांबलेली असते. एका टेबलाखालची घाण दुसऱ्या टेबलाखाली नेऊन ठेवणं चाललेलं असतं. आमच्या या कमी पाण्याच्या पद्धतीला 'वरवर पुसतात' म्हणून जी नावं ठेवली जातात, त्यातली निम्मी पॅड वाचवणाऱ्यांनी मिळवून दिलेली आहेत.

रात्री ८.१५

ऐरोलीतलं आयटी पार्क. गेटवर सामानाची यादी, मशीनचे नंबर, परत न्यायच्या वस्तूंचा पास, प्रत्येकाचं ओळखपत्र. रोजचं आहे.

वर गेल्यावर पहिली गाठ हाउसकीपिंगच्या मावशींची. त्यांची पाळी संपत आलेली असते, पण मी यायच्या आत त्या निघत नाहीत, कारण या मजल्याच्या कार्पेटचा इतिहास त्यांच्याच डोक्यात आहे. कागदावर कुणी लिहीत नाही.

"लिफ्टसमोर दर पावसाळ्यात काळं होतं, ते तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण मोठ्या मीटिंगरूममध्ये बुधवारी मिसळ सांडली. मी टिश्यूने टिपून घेतली. घासली नाही, तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"लई बेस केलं मावशी."

मी हे मनापासून म्हणालो. डाग घासला की कार्पेटच्या धाग्याचे वेढे, म्हणजे लूप, पिंजारतात, आणि पिंजारलेला धागा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मावशींनी त्या दिवशी दहा मिनिटं गुडघ्यावर बसून टिपलं म्हणून आज आमचं काम सोपं आहे. ऑफिसातल्या दोनशे माणसांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

रात्री ९.००

बीएमएस रूममध्ये गेलो. इमारतीची एसी, पंप, दिवे जिथून चालतात ती ही खोली. "एएचयू रात्रभर चालू ठेवायचा मेल आलाय ना?" असं विचारून ऑपरेटरच्या स्क्रीनवर स्वतः बघून घेतलं. एएचयू म्हणजे एसीची हवा मजल्यावर ढकलणारं यंत्र. सुट्टीच्या रात्री एसी चालवायचं तासाचं वेगळं बिल लागतं, म्हणून ऐनवेळी कुणीतरी ते कापतं. पण वारा नसेल तर मी मशीन लावत नाही. ओल जाते ती वाऱ्याने आणि कोरड्या हवेने, आणि बाहेर पाऊस पडत असताना कोरडी हवा फक्त एसीतूनच मिळते.

हा हट्ट मला एका रात्रीने शिकवला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी दुसऱ्या एका ठेकेदाराकडे होतो. जुलै महिना, अशीच आयटी कंपनी, आणि गरम पाणी मारून ओढून घेणारं मोठं मशीन. ती पद्धत वाईट नाही. घट्ट बसलेला मळ आणि जुना साबण मुळापासून काढायचा तर तीच लागते, आणि वर्ष-दोन वर्षांतून एकदा ती करावीच. पण त्या रात्री एसी बंद होती, मशीनची ओढ कमी झालेली होती आणि आम्हाला घाई होती. ऑफिसातलं कार्पेट म्हणजे पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरच्या टाइल्स. खाली उचलता येणारी फरशी, फरशीखाली पोकळी, पोकळीत सगळ्या केबल. पाणी टाइलच्या सांध्यांतून उतरलं. सोमवारी मजल्यावर ओल्या गोणपाटासारखा वास होता, काही टाइल्सचे कोपरे उचलले होते, आणि जे डाग रात्री गेले म्हणून आम्ही खूश झालो होतो ते सगळे वर आले होते. कंदिलाच्या वातीतून तेल चढतं तसा खालचा मळ पाण्याबरोबर धाग्यातून चढतो आणि टोकाशी वाळून बसतो. तीन टेबलांवरचे कॉम्प्युटर बंद पडले. ठेकेदाराने पैसे आमच्या पगारातून कापले. पैशाचं दुःख विसरलो. त्या सोमवारी नाकाला रुमाल लावून कामाला बसलेली पोरं मात्र विसरलो नाही.

रात्री ९.३०

आता व्हॅक्यूम. रात्रीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच.

आमच्याकडे सांगोल्याला आजीची घोंगडी होती. मला ती कधी पाण्यात बुडवलेली आठवत नाही. आजी ती उन्हात टाकायची, काठीने झोडपायची, उलटायची, पुन्हा झोडपायची. धुळीचा लोट उठायचा. तो सरला की घोंगडी स्वच्छ. तेव्हा वाटायचं, धुवायचा आळस. आता कळतं की आजी जे करत होती तेच या धंद्यातलं पहिलं सूत्र आहे: कोरडी घाण कोरडीच काढा. बुटांबरोबर येते ती बहुतेक वाळू, माती, सिमेंटची धूळ. तिच्यावर पाणी पडलं की चिखल होतो, आणि मग तो काढायला दसपट कष्ट.

ऑफिसातलं कार्पेट खाली चिकटवलेलं, ते काठीने झोडपता येत नाही. म्हणून व्हॅक्यूम, आणि तोही एकदा आडवा, एकदा उभा. सावकाश. बीडचा पोरगा नवीन आहे, तो झाडू मारल्यासारखा भराभर पुढेमागे करत होता. त्याला थांबवलं, लिफ्टसमोरच्या एका टाइलवर व्हॅक्यूम नुसता रेंगाळू दिला आणि कान द्यायला सांगितलं. नळीत बारीक कण कडकड वाजतात. "हा आवाज बंद होईल तेव्हा पुढे जायचं," म्हटलं. पिशवी अर्धी भरली की बदलायची. भरलेल्या पिशवीचा व्हॅक्यूम आवाज तेवढाच करतो, ओढतो मात्र कमी.

टेबलांच्या रांगांमधल्या वाटेवर एक राखाडी पट्टा दिसतो. मॅनेजर म्हणतात, हा पट्टा जात का नाही? तो सगळा मळ नसतो. वाळूच्या धारेने नायलॉनच्या धाग्यावर बारीक चरे पडतात, चऱ्यांवर उजेड विखुरतो आणि धागा निस्तेज दिसतो. जुन्या चष्म्याच्या काचेसारखं. चरे कुठल्याच रसायनाने धुतले जात नाहीत. कार्पेट मरतं ते या न दिसणाऱ्या वाळूने. दाराशी दोन पावलांपुरतं नाही, चांगलं लांबलचक पायपुसणं घाला, रोज व्हॅक्यूम करा, मला वर्षातून कमी वेळा बोलवा: हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. माझी बिलं कमी होतात, होऊ देत.

रात्री १०.४५

फवारणी. कोपऱ्यातल्या एका टाइलवर रसायन लावून पांढरं फडकं दाबून पाहिलं; रंग उतरत नाही. मग पंपाने कार्पेटवर नुसती धुक्यासारखी ओल धरायची. टाइल भिजलेली दिसता कामा नये. मग सात-आठ मिनिटं थांबायचं.

हे थांबणं पोरांना सोसत नाही. हेंकेल या जर्मन कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईची चार अंगं एका वर्तुळात मांडली: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. एक अंग कमी केलं की बाकीच्यांनी तेवढं भरून काढायचं. आपल्या घरातल्या बाईला हे वर्तुळ न काढताही माहीत असतं. पाणी गार असेल तर ती कपडे जास्त वेळ भिजत घालते. आमच्याकडे पाणी गार आणि तेही कमी. मग वेळ चोरून कसं चालेल? आणि वेळ चोरणारा माणूस तो रसायनात भरायला बघतो. मापाच्या झाकणाऐवजी 'अंदाजे' ओततो. त्यातूनच पुन्हा चिकटा. मापाचं झाकण मी दोरीने कॅनलाच बांधून ठेवलंय.

रात्री ११.००

मशीन सुरू. वायर लावताना एकच धडा: यूपीएसच्या सॉकेटला हात लावायचा नाही, साध्या लाइनचं सॉकेट शोधायचं. सिंगल डिस्कचा झटका यूपीएसवर बसला तर अख्खी रांग अंधारात जाते.

हे मशीन चाळीस किलोच्या वरचं असतं, आणि नवख्याला वाटतं ते ताकदीने ढकलायचं. ताकद लावली की ते माणसालाच फिरवतं. हँडल बोटभर उचललं की मशीन उजवीकडे सरकतं, बोटभर दाबलं की डावीकडे. बस, एवढंच. मनगटात नाही, पोटाशी धरायचं आणि कमरेने झुलायचं. पॅड आधी त्याच रसायनाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला. एक फेरी डावीउजवी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. मग त्याच जागेवर काटकोनात दुसरी फेरी. लूपच्या एका बाजूचा मळ पहिल्या फेरीत निघतो, दुसऱ्या बाजूचा दुसरीत.

पॅड कोरडा पडू द्यायचा नाही. घर्षणाने ऊब चढते. नायलॉन ती सोसतं, पण पॉलिप्रॉपिलीनचं कार्पेट साधारण १६५ अंशांना वितळतं आणि एका जागी रेंगाळलेल्या कोरड्या पॅडने त्यावर चकचकीत वर्तुळ उमटतं, ते कायमचं. कापलेल्या टोकांच्या मऊ कार्पेटवर हा गोल फिरणारा पॅड मी लावतच नाही, तिथे धाग्याचा पीळ उकलतो. काही कार्पेट कंपन्या गोल पॅडला स्पष्ट नकार देतात, आणि त्यांचं चुकत नाही. त्यांच्यासाठी कंप पावणाऱ्या पॅडचं मशीन असतं: पॅड गोल न फिरता जागच्या जागी थरथरतो. ते घ्यायचं माझ्या मनात दोन वर्षं आहे.

पहिला पॅड उलटला तेव्हा पोरगा बघतच राहिला. चहाच्या गाळलेल्या चोथ्यासारखा रंग. "दादा, वरून तर साफ दिसत होतं!"

मग दीड-दोन तास फार काही सांगण्यासारखं नाही. फवारा, थांबा, फिरवा, उलटा, बदला. खुर्च्या हलवा, खुर्च्या परत लावा. प्रत्येक खुर्ची जिथली तिथे, टेकायची पाठ जशी होती तशी. कुणाच्या टेबलावर लहान मुलीचा फोटो असतो, कुणाचा अर्धा राहिलेला चिवडा. त्याला हात लावायचा नाही.

रात्री १.००

पॅन्ट्रीबाहेरच्या पॅसेजमध्ये डबे उघडले. चपाती, गवारीची भाजी, ठेचा. पोरग्याने आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी वाटली. कार्पेटवर बसून जेवायचं नाही, हा आमचा नियम.

रात्री १.४०

मोठी मीटिंगरूम. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये होतो, आणि आतून हाक आली, "दादा, रक्त!"

धावत गेलो. रक्त नव्हतं. मिसळीच्या पिवळ्या डागावर पोरग्याने तेलाच्या डागांची बाटली मारली होती, आणि डाग लालभडक झाला होता. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. गरीब घरचं पोर, त्याला वाटलं आता महिन्याचा पगार गेला.

"कुंकू कसं बनवतात, माहीत आहे का रे?"

त्याला माहीत नव्हतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि जुन्या पद्धतीचं कुंकू तसंच होतं. तेलाच्या डागाचं औषध अल्कली, म्हणजे चुन्याच्याच जातीचं. मिसळीत तेलही आणि हळदही. त्याचं औषध तेलासाठी बरोबर होतं, फक्त क्रम आणि धीर चुकला. स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने आधी ते अल्कली टिपून काढलं. मग सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी शिंपडलं. त्याच्या डोळ्यांदेखत लाल डाग परत पिवळा झाला. पोरगं हसलं. मग आम्ही दोघं खाली बसलो आणि पांढऱ्या फडक्याने टिपत राहिलो, कडेकडून मध्याकडे, फडक्याची जागा बदलत. तेल निघालं. हळदीची फिकट सावली राहिली. नायलॉनला हळद रंगासारखी धरते, तिच्याशी झटापट केली तर टाइलचाच रंग जातो.

मला त्या पोराला ओरडावंसं वाटलं नाही. माझ्या पहिल्या ठेकेदाराने मला कधी सांगितलं नव्हतं की कुठली बाटली कशासाठी. सांगायला लागतात पाच मिनिटं. बाटल्यांवर उद्या मोठ्या अक्षरात मराठीत लिहून चिकटवणार आहे.

रात्री ३.१५

ती सावलीची टाइल उचलली. कोपऱ्यातल्या कपाटाखाली तेवढ्याच वयाची, तशीच विटलेली टाइल होती, ती इथे आणि ही तिथे. स्टोअरमधली नवी टाइल टाकली असती तर नवीन ठिगळासारखी दिसली असती. टाइलच्या पाठीवर बाण असतो. आजूबाजूच्या टाइल्सचे बाण कसे वळतात ते पाहून बसवली. उद्या मावशींना सांगायला हवं, नाहीतर कपाट हलल्यावर त्यांच्यावर आळ यायचा.

पहाटे ४.३०

पहिला भाग तासाभरात सुकला होता, लिफ्टसमोरचा अजून गार लागत होता. तळहात फसवतो, मी हाताची पाठ टेकवतो. मग टिश्यू ठेवून बुटाने दाबायचा. ओल उठली तर ब्लोअर तिकडे वळवायचा. तीनही ब्लोअर एकाच दिशेने लावायचे, म्हणजे वारा जमिनीलगत वाहतो, नुसता घुमत नाही.

आज आमचं काम निम्मंच झालंय, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतो. मळ पॉलिमरच्या खपलीत अडकून अजून तिथेच आहे. उरलेलं काम सोमवारी पहाटेच्या व्हॅक्यूमचं. त्या दिवशी व्हॅक्यूम झाला नाही तर खपल्या बुटांखाली चुरत बसतात. म्हणून मावशींसाठी चिठ्ठी लिहिली: "सोमवारी लोक यायच्या आधी सगळीकडे सावकाश व्हॅक्यूम, दोन्ही बाजूंनी. कपाटाखालच्या टाइलवर पिवळी छटा आहे, ती मिसळीची, मीच तिथे ठेवली आहे." खाली माझी सही आणि तारीख.

पहाटे ५.४५

गाळ्यावर. तेहतीस पॅड वापरले. मळके पॅड आधी गार पाण्यात खंगाळले, मग मशीनमध्ये. कपडे मऊ करायचं औषध त्यात अजिबात नाही. त्याने धाग्यावर थर चढतो आणि पॅड मळ टिपेनासा होतो. पोरगं उभ्या-उभ्या पेंगत होतं. त्याला म्हटलं, जा घरी, वाळत मी घालतो.

सकाळी ८.००

घरी आलो. पाऊस उघडला होता, खिडकीत थोडं ऊन. दुसऱ्या बशीतलं वरून सुकलेलं दिसलं. बोट टेकवलं. बोटाबरोबर बशी उचलली गेली. त्या तुकतुकीत थरावर रात्रीतून कापसाचे तंतू, खिडकीतली काजळी आणि एक मेलेलं चिलट बसलं होतं. पुरवठादाराला आज रविवारी त्रास द्यायला नको, पण कॅन परत जाणार.

पहिल्या बशीवर फुंकर मारली, पावडर उडून गेली. दुसरी गरम पाण्यात भिजत घातली आणि तीनदा घासली, तरी कडेला चिकट लागतच होती.